दाणे कसे आहेत?

सुनेचं काम जीव मारण्याचं होतं. म्हणजे रुग्णालयात शस्त्रक्रियेची अवजारं निर्जंतुक करायची खोली असते, तिथे ती सतरा वर्षं होती. कात्र्या, चिमटे, वाट्या आधी धुवायच्या, मग वाफेच्या यंत्रात घालायच्या आणि एकही जंतू जिवंत सुटला नाही अशी खाली सही करायची. आठ तास उभ्यानं हे करून ती घरी यायची आणि ओट्यावरच्या बरणीतले जंतू जगवायला लागायची. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, त्यातली गत.

बरणी सासूबाईंची, केफिरची. तळाशी बर्फाच्या चुऱ्यासारखे मऊ पांढुरके दाणे, वर साखरेचं पाणी, त्यात चार मनुका नि लिंबाची एक फोड, तोंडाला रबरानं बांधलेलं फडकं. दोन दिवसांत दाणे साखर खातात, पाणी आंबटसर होतं, बुडबुडे धरतं. ते गाळून प्यायचं आणि दाण्यांना नवं साखरपाणी द्यायचं. पुन्हा दोन दिवस. रविवार नाही, सुट्टी नाही. कुत्रं पाळलं असतं तर निदान शेपूट तरी हलवलं असतं, असं सून म्हणायची. मनातच, अर्थात.

सासूबाई पायरीवरून घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशननंतर सहा आठवडे त्या नणंदेकडे राहायला गेल्या, कारण तिचं घर तळमजल्यावर. दुसऱ्याच दिवशी नणंदेच्या हस्ताक्षरात चिठ्ठी आली. 'दर दोन दिवसांनी बदलणे. चार चमचे साखर. उकळलेलं पाणी. दमले तर साखरपाण्यात घालून फ्रीजमध्ये झोपवणे, पंधरा दिवस काही होत नाही.' नवऱ्यानं ती फ्रीजवर चिकटवली, आपलं कर्तव्य झालं असं समजला आणि कामाच्या दौऱ्यावर निघून गेला.

रोज संध्याकाळी सहाला सासूबाईंचा फोन यायचा.

"दाणे कसे आहेत?"

"छान आहेत, आई."

"बुडबुडे?"

"येतात."

झालं, ठेवला फोन. 'जेवलीस का' नाही, 'पाय दुखतात का' नाही. सून फोनकडे बघत म्हणायची, बाई, तुमचे दाणे ठणठणीत आहेत, मला काय धाड भरलीय! आणि तसं म्हटलं की तिला खरंच रडू यायचं, मग स्वतःचाच राग यायचा.

पाचव्या आठवड्यात सोबत काम करणाऱ्या दोघी एकदम आजारी पडल्या आणि सुनेला सलग दोन पाळ्या कराव्या लागल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी घरी आली तेव्हा पायातले बूट काढायचंही त्राण नव्हतं. आज दाण्यांचा दिवस. तिनं ते गाळणीत काढले, नळाखाली धरले, बरणीत टाकले, साखर घातली, आणि किटलीतलं खदखदतं पाणी वर ओतलं. आधी धुवायचं, मग वाफ. सतरा वर्षांचं हाताला लागलेलं वळण, डोक्याला विचारायची गरजच पडली नाही. बरणीतून वाफ वर आली तेव्हा तिला पहिल्यांदा बरं वाटलं, काम नीट झालं की वाटतं तसं. मग ती मटकन खाली बसली.

दोन दिवसांनी पाणी गोडच्या गोड होतं. एक बुडबुडा नाही. चिठ्ठीत 'उकळलेलं' होतं, 'गार करून' लिहिलं नव्हतं, असं म्हणून नणंदेवर ढकलता आलं असतं. पण गार पाणी घालायचं हे सुनेला नऊ वर्षं डोळ्यांसमोर दिसत होतं.

"दाणे कसे आहेत?" सहाच्या फोनवर सासूबाई.

"छान आहेत."

खोटं एकदा बोललं की त्यालाही दर दोन दिवसांनी खायला घालावं लागतं. सून मेलेल्या दाण्यांचं पाणी बदलत राहिली. नवरा फोनवर म्हणाला, "अगं, विकत मिळत असतील की." पण हे दाणे विकतचे नव्हते. सासूबाई विधवा झाल्या त्या वर्षी शेजारणीनं त्यांना वाटीभर दिले होते, आणि सकाळी उठायला काहीतरी निमित्त हवं म्हणून त्यांनी ते जगवले होते. हे त्यांनीच सांगितलं होतं, एकदाच, भांडी पुसता पुसता.

त्यांनी दाणे पुढे वाटलेही होते. खालच्या शिंपीणबाईंना नक्की दिलेले. सून वाटी घेऊन त्यांच्याकडे गेली.

"ते होय?" शिंपीणबाई ओठांतली टाचणी काढून म्हणाल्या. "पहिल्याच महिन्यात सडले गं माझे. तुझ्या सासूला सांगू नकोस हं. भेटली की विचारते, मी आपलं म्हणते, छान आहेत."

रिकामी वाटी घेऊन जिना चढताना सुनेला हसू आलं, मग दम लागला.

रविवारी दुपारी सून पाळीवरून नुकतीच आली होती, बूटही पायातच होते, तोच सासूबाई आल्या. नणंदेचा आधार घेत, दर चार पायऱ्यांना बसत जिना चढल्या. नणंदेला दारातूनच परत पाठवलं आणि वॉकर टेकत थेट स्वयंपाकघरात. फडकं सोडलं, नाक लावलं.

"मेले," त्या म्हणाल्या.

"मी मारले." सुनेनं ठरवलेलं वेगळंच होतं, तोंडातून हे आलं. "उकळतं पाणी ओतलं. अकरा दिवस झाले. रोज खोटं बोलले तुमच्याशी. आणि तुम्ही तरी काय हो, आई! रोज फोन केलात, एकदा तरी विचारलंत, तू कशी आहेस?"

सासूबाईंनी बरणी मोरीत ओतली. मग नळाखाली धरून धुतली.

"पहिल्या दिवशी विचारलं होतं," त्या म्हणाल्या. "तू म्हणालीस, छान आहे. शिंपीणही छानच म्हणते, तिचे केव्हाच सडलेत, वास येतो मला खोटेपणाचा. छान म्हटलं की पुढे काय विचारायचं माणसानं? म्हणून दाण्यांचं विचारायची. म्हटलं, कधीतरी चिडशील, म्हणशील, खड्ड्यात गेले तुमचे दाणे, मी मरायला टेकलेय इथे. मग यायला निघाले असते, मोडक्या पायानं का होईना."

"आले असतात?"

"नसते आले बहुतेक. पण लेकीला तरी पाठवली असती."

मग त्यांनी मसाल्यांच्या कप्प्यातून कागदाची पुडी काढली. आत वाळलेले पिवळे खडे होते. सुकवून ठेवलेले दाणे.

"तुमचा माझ्यावर भरवसा नव्हता तर."

"माझ्यावर नव्हता. दोनदा मारलेत मी. एकदा तर गरम पाण्यानंच." पुडी त्यांनी ओट्यावर ठेवली. "उठायला आठवडा घेतील. घाई नाही."

वॉकर बाजूला सारून त्या खुर्चीवर बसल्या आणि समोरची खुर्ची पायानं सुनेकडे ढकलली.

"आता सांग. दाणे कसे आहेत?"

धुतलेल्या रिकाम्या बरणीकडे सुनेनं पाहिलं. छान, हा शब्द अगदी ओठावर आला होता.

"दमलेत," ती म्हणाली. "फार दमलेत, आई."

"मग झोपव त्यांना," सासूबाई म्हणाल्या. "बूट काढ आधी. सहा वाजता मी हाक मारते."