पिवळ्या चिंधीचा पट्टा

बागेच्या फाटकावर ‘कुत्री बांधूनच आत आणावीत’ अशी पाटी ठोकायची आणि त्याच पाटीखालून रोज स्वतःचा कुत्रा मोकळा आत सोडायचा, हे तुम्ही केलंत, बाग समितीचे अध्यक्षसाहेब. आमचा कुत्रा ढब्बू चावला, हे खरं आहे. पण त्याच्यावर चावायची वेळ तुम्ही आणलीत. आता त्याला कोंडवाड्यात टाकलंय आणि मला तुमच्या टेबलावर पुरावा म्हणून ठेवलंय. ठीक आहे. मग पुराव्यालाही बोलू द्या.

मित्रांनो, साहेब काही ऐकणार नाहीत, म्हणून तुम्हाला सांगतो. मी एक जुना चामडी पट्टा आहे. कुत्र्याच्या गळ्यात असतो तो नव्हे. गळपट्ट्याला अडकवून माणूस हातात धरतो, तो लांब पट्टा.

माझा जन्म बॅगेवर झाला. एका तपकिरी प्रवासी बॅगेचा मी खांद्यावरचा पट्टा होतो. बॅग दुरुस्तीला आली, टाके पडले, नवी चेन बसली, पण मालक काही न्यायला आला नाही. बॅगा दुरुस्त करणाऱ्या मावशींच्या दुकानात मी कितीतरी दिवस खुंटीवर लोंबत होतो. ते दुकान एका दाराएवढंच रुंद. आत मावशी, त्यांचं शिवणयंत्र, मेणाच्या दोऱ्याची रिळं आणि वाट बघणाऱ्या बॅगा.

एका सकाळी मावशींनी शटर वर केलं तर पायरीशी कातड्याच्या तुकड्यांच्या पोत्यामागे एक पिल्लू अंग चोरून बसलेलं. एक कान अर्धा फाटून लोंबत होता. समोरचा किराणावाला म्हणाला, “मावशी, एक दांडगा कुत्रा सुटला होता, तो सरळ याच्या अंगावर आला. मी पाणी फेकलं म्हणून वाचलं.”

“आणि त्याचा मालक?”

“तो लांबून ओरडत होता ना, काही करत नाही, काही करत नाही म्हणून.”

मावशींनी पिल्लाला पिशवीत घालून जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर कान शिवत होते आणि मावशींची नजर टाक्यांवर. “दोरा जरा सैल सुटला का हो?” डॉक्टर वैतागले. “बाई, ही बॅग नाहीये!” पिल्लाचं पोट जमिनीला टेकायचं, म्हणून मावशींच्या लेकीनं, चिमणीनं, त्याचं नाव ढब्बू ठेवलं. आणि मावशींनी मला खुंटीवरून उतरवलं.

त्यांनी माझ्या कडा तासल्या. दुहेरी शिवण घातली. एका टोकाला पितळी हूक लावला, दुसऱ्या टोकाला हात घालायला वेढा केला आणि हाताला काचू नये म्हणून त्याला आतून जुनं लोकरी कापड लावलं. दोन्ही हातांनी ओढून पाहिलं. मग म्हणाल्या, “हा माझ्यानंतरही टिकेल.” माझं एवढं कौतुक त्याआधी कुणी केलं नव्हतं.

लोकांना वाटतं, पट्टा म्हणजे कुत्र्याला ओढायचं साधन. साफ चूक. मी टेलिफोनची तार आहे. वरच्या हातात जे चालू असतं ते खाली गळ्याला जसंच्या तसं कळवतो. सुरुवातीला समोरून दुसरा कुत्रा दिसला की मावशींचा हात घट्ट व्हायचा. मी ताणला जायचो. ढब्बूला निरोप मिळायचा, ‘आपली बाई घाबरली, म्हणजे आता आपलं काही खरं नाही.’ मग तो भुंकायचा. मावशी आणखी ओढायच्या. तो आणखी भुंकायचा. येणारेजाणारे म्हणायचे, केवढा तापट कुत्रा! तो तापट नव्हता. त्याला भीती वाटायची आणि मी त्याला हलू देत नव्हतो.

हे मावशींना हळूहळू कळलं. त्या मला सैल सोडायला शिकल्या, इतका सैल की मधोमध मी झोळीसारखा लोंबायचो. आणि त्यांनी वळसा घ्यायला सुरुवात केली. मित्रांनो, मोकळे कुत्रे एकमेकांना भेटताना पाहिलेत? शहाणे असले तर नाकासमोर नाक आणत नाहीत. बाजूने येतात, अर्धा गोल घेतात, आधी वास घेतात. बांधलेल्या कुत्र्याला मात्र असा गोल घ्यायचा तर माणसानंच त्याला न्यायला हवं. म्हणून समोरून कुत्रा आला की मावशी रस्त्याची कड धरायच्या, नाहीतर दोन गाड्यांच्या आडोशाला उभ्या राहायच्या.

“काय मावशी, सरळ रस्ता मानवत नाही का तुम्हाला?” किराणावाला हसायचा.

“सरळ जाणारे पुष्कळ आहेत. मी आपली वाकडीच बरी.”

मग डॉक्टरांनी पिवळी चिंधी बांधायला सांगितली. आमच्या भागात कुत्री फिरवणाऱ्यांमध्ये तशी रीतच पडली होती. पट्ट्याला पिवळं कापड दिसलं की समजायचं, या कुत्र्याला जवळ आलेलं सोसत नाही, लांबून जा. चिमणीनं बॅगेच्या अस्तराची एक पट्टी फाडून माझ्या हुकाशी बांधली.

“ढब्बू कुठल्या संघातून खेळतो?” किराणावाल्याची जीभ काही गप्प बसत नाही.

“राखीव खेळाडू आहे तो,” चिमणी म्हणाली. “लांबूनच खेळतो.”

पण चिंधीचा उपयोग झाला. दोन लहान कुत्री फिरवणाऱ्या एक आजी होत्या. त्या आम्हाला लांबूनच पाहायच्या, हात वर करून थांबायच्या, आपल्या दोघांना पायाशी घ्यायच्या आणि आम्ही गेलो की पुढे निघायच्या. एवढंच. त्यांच्यामुळे ढब्बू शेपूट हलवायला शिकला. वर्षभरात तो त्यांच्या कुत्र्यांच्या बाजूने, मध्ये चांगलं अंतर ठेवून, चालू लागला. पेपरवाला, दूधवाला, सगळे म्हणायचे, “हाच का तो भुंकणारा?” मला अभिमान वाटायचा. पट्ट्याला अभिमान कसला वाटणार, असं वाटत असेल तर मला एकदा हातात धरून बघा.

मग मधे वाईट दिवस आले. चिमणीच्या मामांनी भेट म्हणून चकचकीत पट्टा आणला. प्लास्टिकची मूठ, आत गुंडाळलेली दोरी, बटण दाबलं की कुत्रा पार कोपऱ्यापर्यंत जातो. मी दारामागच्या खिळ्याला. माझं चामडं सुकलं, हुकाला हिरवट डाग पडले. रोज संध्याकाळी त्या दोरीचा सर्र सर्र आवाज तेवढा ऐकायचा. एक दिवस ढब्बू कोपऱ्यावरून वळला तर पलीकडे दुसरा कुत्रा अगदी तोंडासमोर, आणि मावशी इकडे दोरी गोळा करतायत! नशीब, पलीकडच्या माणसानं आपला कुत्रा वेळेवर उचलला. घरी आल्यावर मावशींनी ती मूठ माळ्यावर टाकली. मला तेल चोळलं. “चुकलंच माझं,” एवढंच म्हणाल्या. मी पुन्हा कामाला लागलो.

आता प्रिन्सबद्दल सांगतो. प्रिन्स म्हणजे साहेबांचा कुत्रा. तरुण, दणकट, प्रेमळ. त्याच्यावर माझा काडीचा राग नाही. समोरच्याच्या मर्जीची वाट बघावी लागते, हे त्याला कुणी शिकवलंच नाही. साहेब बागेत आले की त्याला सोडायचे आणि प्रिन्स दिसेल त्या कुत्र्यावर धावत जायचा. मागून साहेबांचा हसरा आवाज यायचा, “काही करत नाही हो तो! खेळायचंय त्याला!”

मावशींनी किती वेळा सांगितलं! “साहेब, जरा बोलावून घ्या. आमचा घाबरतो.”

“अहो, ओळख होऊ द्या की! तुमचाही सोडा. आपापसात बघून घेतील.”

“ही पिवळी चिंधी बघा ना, साहेब.”

“छान आहे, छान आहे.”

मावशींनी फिरायची वेळ बदलली. साहेबांनीही बदलली. मावशींनी मागचं फाटक धरलं. त्या फाटकातून आत येणारी वाट अरुंद आहे. एका बाजूला जाळी, दुसऱ्या बाजूला मेंदीचं दाट कुंपण. गेल्या आठवड्यात सकाळी आम्ही त्याच वाटेवर होतो आणि समोरून प्रिन्स आला. सरळ. भरधाव. वळसा घ्यायला जागाच नव्हती. मावशी मागे फिरल्या, पण प्रिन्स त्याआधीच पोचला.

मावशींचा हात आवळला गेला. त्यांना दोष देऊ नका, तुमचाही आवळला असता. मी तारेसारखा ताठ झालो. ढब्बूनं आधी तोंड फिरवलं. मग स्वतःचं नाक चाटलं. मग अंग आकसून तो जमिनीला चिकटला. कुत्र्याच्या भाषेत या सगळ्याचा अर्थ एकच, ‘मला नको, जा.’ प्रिन्सनं त्याच्या मानेवर पंजा टाकला. ढब्बू गुरगुरला. साहेब लांबून म्हणाले, “बघा, खेळतायत!” ढब्बूनं वळून मावशींकडे पाहिलं. त्याला मागे सरकायचं होतं, पण मी ताणलेला होतो. मग तो प्रिन्सच्या कानाला चावला.

तेव्हा साहेब धावले आणि दोघांच्या मधे हात घातला. ढब्बूचा दात त्यांच्या हाताला लागला.

बस. दुपारी कोंडवाड्याची गाडी दुकानासमोर उभी राहिली. प्रिन्स घरी गेला.

आज या खोलीत चौकशी झाली. हाताला पट्टी बांधून साहेबच मुख्य खुर्चीत बसले. ज्यांची तक्रार, त्यांचाच निकाल! कुणालाच यात काही वावगं वाटलं नाही. समितीतल्या एक बाई मला बोटांनी उचलून म्हणाल्या, “किती जुनाट आहे हा. असल्या पट्ट्यानं कुत्रा आवरेल तरी का?” आणि त्यांनी मला जोरात ओढून बघितलं.

“तुटला का, काकू?” चिमणीनं विचारलं. आता ती मोठी झाली आहे, आईच्या शेजारी बसून चेन बदलते. “आणखी ओढा. ढब्बू बांधलेला होता आणि जागेवरच होता. चालून आला तो प्रिन्स.”

“तो खेळायला आला होता,” साहेब म्हणाले.

“त्याचा पट्टा कुठे होता?”

“माझ्याकडेच होता.”

“तुमच्या गळ्यात होता, साहेब. मफलरसारखा.”

कुणीतरी हसलं आणि लगेच खोकलं.

मग बागेच्या माळ्याला बोलावलं. त्या सकाळी तो कुंपणाशीच होता. सगळं बघताना त्याच्या हातातल्या नळीचं पाणी त्याच्याच पायांवर पडत होतं, मी पाहिलंय. पण तो खाली बघत म्हणाला, “मी पाणी देत होतो. माझं लक्ष नव्हतं.” मी त्याला नावं ठेवणार नाही. त्याची नोकरी साहेबांच्या शब्दावर आहे. नावं ठेवायचीच तर ज्यांनी त्याला तसं बोलायला लावलं त्यांना ठेवीन.

सोमवारी ठरणार आहे, ढब्बूला परत द्यायचं की चावरा ठरवून कायमचं झोपवायचं. तोवर तो कोंडवाड्यात, भिंतीतल्या आखूड लोखंडी साखळीला. समोरच्या गजांमागून अनोळखी कुत्री रात्रंदिवस सरळ त्याच्या तोंडावर भुंकतात आणि त्याला मान फिरवायलाही जागा नाही. मावशी म्हणाल्या, “हा पट्टा तरी त्याच्याजवळ ठेवा. ओळखीचा वास आहे, जरा शांत राहील.”

“पुरावा आहे तो.”

“मग माझा रुमाल ठेवा.”

“बघू,” साहेब म्हणाले आणि पुढच्या विषयाकडे वळले. रुमाल मावशींच्या हातातच राहिला.

मित्रांनो, तुमच्या घरी कुत्रा असेल तर तो कितीही गोड असो, समोरच्या कुत्र्याला विचारल्याशिवाय त्याला त्याच्यापर्यंत जाऊ देऊ नका. समोरच्याचं उत्तर त्याचा माणूस देईल, नाहीतर त्या कुत्र्याची फिरवलेली पाठ देईल. नाही म्हणजे नाही. लांबून थांबा, हात वर करा, आपला कुत्रा जवळ घ्या, पट्टा सैल धरा आणि वाट मोकळी करून द्या. ‘आमचा काही करत नाही’ हे वाक्य तोंडात येईल तेव्हा ते गिळा. तुमचा काही करत नसेलही. समोरच्याचं काय होतंय, तेही बघा.

आता साहेब, शेवटचं तुमच्याशी. मला जुनाट म्हणा, टाकून द्या, माझी हरकत नाही. पण सोमवारी सही करण्याआधी मला सांगा. ढब्बू नियमानं बांधलेला होता, म्हणून त्याला पळता येत नव्हतं. त्यानं तोंड फिरवलं, तुम्ही पाहिलं नाही. तो गुरगुरला, तुम्ही हसलात. त्याची बाई तुमच्या विनवण्या करत होती, तुम्ही तिचं ऐकलं नाही. मग त्या वाटेवर त्यानं नक्की काय करायला हवं होतं? मावशी बाहेर बाकावर बसल्या आहेत. मला नाही तर त्यांना सांगा. काय करायला हवं होतं त्यानं?