लेकीच्या निघण्याची तारीख

केनियातल्या मारा नदीकाठी गाइड कोइनेतची जीप सकाळपासून उभी होती. मागच्या सीटवर डच नवराबायको, समोर नदी ओलांडायला आलेली हजारो वाइल्डबीस्ट हरणं, आजूबाजूला इतर गाइडांच्या गाड्या. कळप काठावर जमला की कुणीही इंजिन सुरू करायचं नाही, नाहीतर जनावरं बिचकून मागे फिरतात. हा दंडक कोइनेतनेच घातला होता. तो मोडणाऱ्याशी त्याने वर्षभर अबोला धरला होता. आता भोगा!

तारखाही त्याच्याच. दक्षिणेतला पाऊस बघून कळप नदीवर कधी येणार ते तो सहा महिने आधी सांगे, आणि पाहुणे त्याच्या शब्दावर विमानात बसत. यंदा त्याने जुलैअखेर सांगितली होती. त्याच भरवशावर लेकीलाही म्हणाला होता, "तू पाच ऑगस्टला नैरोबीला जा. मी मोकळा असेन." रेसियातो नर्सिंग शिकायला चालली होती. घर सोडणाऱ्या लेकराच्या डोक्यावर बापाने थुंकी शिंपडून आशीर्वाद द्यायचा, ही मसाईंची रीत. पण यंदा कळप उशिरा आला; जनावरांना तारीख कोण सांगणार?

आज पाच तारीख. रेसियातोची नैरोबीची गाडी दोनला. दीड वाजता फोन वाजला.

"बाबा, कुठे आहात?"

"नदीवर गं. अडकलोय."

"अर्ध्या तासाचा तर रस्ता आहे. या की!"

त्याने चावीला हात घातला. लगेच रेडिओवर शेजारच्या गाडीतला म्हातारा गाइड मेपुकोरी खेकसला, "ए शहाण्या, हात काढ! इंजिन सुरू केलं म्हणून मला चारचौघांत झापलं होतंस, आठवतंय? आता बस गप!"

कोइनेतने हात काढला. स्वतःचीच त्याला भयंकर चीड आली.

सव्वादोनला पहिल्या जनावराने उडी घेतली आणि मागोमाग सगळा कळप पाण्यात कोसळला. डच नवरा फोटो काढायचंही विसरला. तेवढ्यात कोइनेतच्या फोनवर त्याच्या बायकोचा निरोप आला: 'गाडीवाला दहा मिनिटं थांबला. पोर अंगणात मान वाकवून उभी होती. शेवटी तुझ्या धाकट्या भावाने आशीर्वाद दिला.'

कोइनेतने तो दोनदा वाचला.

डच बाईने मागून त्याच्या गळ्यात हात टाकले. "अखेर दाखवलंतच! पुढच्या वर्षीची तारीख आत्ताच सांगून टाका."

"मला नाही ठाऊक," कोइनेत म्हणाला.

बाई खळखळून हसली. तिला वाटलं, गडी चेष्टा करतोय.