बशांचं फूल

बशी पुन्हा निखळली. या खेपेस आपल्याच अंगणातल्या मऊ मातीत पडली म्हणून वाचली, एवढंच. माईंनी कपाळावर आलेले केस गमाच्याच हाताने मागे सारले आणि ते तिथे घट्ट बसले.

"केसांना बरं चिकटतं मेलं!" त्या करवादल्या.

लेकीच्या नव्या घरापुढे हातरुमालाएवढी बाग होती. जुन्या बाजारातली मोठी बशी, तिच्यावर लहान बशी, मध्ये काचेची वाटी, मागे नळीचा दांडा, की झालं फूल. असं एक माईंनी तिला मागेच दिलं होतं. "अगदी दारात लावलंय हं," असं ती तेव्हा फोनवर म्हणाली होती आणि माई महिनाभर त्यावर खूश होत्या. आता त्या फुलाला जोडी हवी, हा माईंचा हट्ट. लेक संध्याकाळी यायची होती आणि सकाळपासून हाताला यश नव्हतं. शेवटी दाबता दाबता वाटीलाच तडा गेला. माई पिशवी घेऊन तणतणत जुन्या सामानाच्या दुकानात गेल्या.

"मावशी, कशाला जोडाजोडी करत बसता?" दुकानदार हसला. "हे बघा, आयतंच आलंय."

निळ्या काठाची बशी, वर पिवळी, मध्ये वाटी. निळ्या काठावर नेलपॉलिशचा लाल ठिपका होता. टवका झाकायला तो माईंनीच दिला होता.

"कोणी दिलं हे?"

"घर बदलत होत्या एक ताई. ठेवायला जागा नाही म्हणाल्या."

माईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी फूल पिशवीत घातलं आणि घर गाठलं.

निदान वाटी तरी कामाला येईल, म्हणून त्यांनी फटीत सुरी घातली. गरम पाणी ओतलं. दोन्ही हातांनी ओढलं. सकाळभर एक बशी धरून न ठेवणारा तोच गम इथे ढिम्म हलेना. माईंना संताप आला आणि त्यापाठोपाठ रडूही आलं. मग नाक पुसून त्यांनी फूल धुतलं आणि ओट्यावर ठेवलं.

"अगंबाई, झालंसुद्धा?" लेक आल्या आल्या म्हणाली. "अगदी पहिल्यासारखंच केलंस गं, माई."

"पहिलं आहे ना नीट?"

"आहे की. नव्या दारातसुद्धा तेच लावणार." बोलता बोलता तिने फूल उचललं. तिचा अंगठा लाल ठिपक्यावर आला आणि तिथेच थांबला.

माईंनी चहाचं आधण ठेवलं. मागे वळून पाहिलं नाही.

"जागा नसेल तर राहू दे इथेच," त्या म्हणाल्या.

पाणी उकळलं, त्यांनी साखर टाकली.

"एखादं जुनं कापड दे ना, माई," लेक हळूच म्हणाली. "गुंडाळून नेते. वाटेत सुटायला नको."

"नाही सुटत," माई म्हणाल्या. "दुपारभर ओढून बघितलंय मी."