वेगळी चूल मांडलेली लायब्ररी

मित्रांनो, मी एक जुनी लायब्ररी आहे. माझ्याकडे पुस्तके शोधू नका, एकही सापडणार नाही. कॉम्प्युटरच्या मोठ्या प्रोग्राममधून एखादा भाग वेगळा काढून स्वतंत्र ठेवला की त्यालाही लायब्ररीच म्हणतात. मी तशी आहे आणि मोखाड्यात तयार झाले आहे. याचा मला अभिमान वाटतो, तो मी लपवणार नाही.

१९९६ साली मोखाड्यात एक पाणीवाटप संस्था होती. उन्हाळ्यात डोंगरातल्या पाड्यांच्या विहिरी आटल्या की ती टँकर पाठवी. टँकर विहिरीत रिकामा करायचा आणि मग पाड्यातल्या लोकांनी तिथून पाणी शेंदायचे, अशी पद्धत होती. कोणत्या विहिरीला किती पाणी हवे आणि कोणता टँकर कुठे जाईल, हे ठरवून ड्रायव्हरांसाठी रोजचा कागद छापणारा प्रोग्राम प्रतिभाताईंनी लिहिला. त्या मूळच्या जवळच्याच जामसर गावच्या, नाशिकला शिकून परत आलेल्या.

तेव्हा मी एकत्र कुटुंबात राहत होते. म्हणजे पाण्याचा हिशेब आणि यंत्राशी बोलणे, ही दोन्ही कामे त्या प्रोग्राममध्ये मिसळलेली होती. एका ओळीत विहीर, दुसरीत प्रिंटर, तिसरीत पुन्हा विहीर. खिचडीच म्हणा ना! यंत्राशी बोलणारी ती मी, पण माझे तुकडे घरभर विखुरलेले होते.

मग संस्थेत नवा प्रिंटर आला. त्याचा कागद आधीच्यापेक्षा आखूड होता. प्रोग्राममध्ये जिथे जिथे कागदाची लांबी लिहिली होती, तिथे तिथे ताईंनी ती बदलली. एक जागा मात्र नजरेतून सुटली आणि पानावरची शेवटची ओळ छापली जाईना. फेऱ्या रोज बदलत, त्यामुळे ड्रायव्हर कागदावर दिसेल तेवढेच करत. त्या शेवटच्या ओळीत आवळ्याचा पाडा होता.

दोन दिवसांनी तिथल्या गोदाबाई डोंगर उतरून कचेरीत आल्या. व्यवस्थापक धर्मेंद्रसाहेबांच्या टेबलासमोर उभ्या राहून त्या शांतपणे म्हणाल्या, "आमचे पाड्याला पाणी नाय आला. हिरीत निस्ता गाळ राहला. पोरांना काय पाजू?"

टँकर लगेच सुटला. सुटलेली जागाही प्रतिभाताईंनी त्याच दिवशी दुरुस्त केली, पण तेवढ्याने त्यांचे समाधान झाले नाही. यंत्राशी बोलणारे जे जे आहे ते सगळे वेगळे काढायचे, असे त्यांनी ठरवले. धर्मेंद्रसाहेबांचा जीव खालीवर झाला. चालत्या प्रोग्रामला हात कशाला लावायचा, असे त्यांचे म्हणणे.

"साहेब, प्रिंटर बदलला म्हणून पाणी का थांबावं?" ताईंनी विचारले. टँकर उभे असतील तेव्हाच काय ते करा, असे साहेब म्हणाले.

पावसाळ्यात टँकर शेडमध्ये उभे असतात. ताईंनी नेमके तेच दिवस धरले. बाहेर शेतांत लावणी चालली होती आणि आत माझे तुकडे वेचणे. पडद्यावर अक्षरे दाखवणे, दाबलेले बटण ओळखणे, कागद छापणे, सारे त्यांनी माझ्या पदरात घातले. पाण्याच्या हिशेबाने मला फक्त "हे छाप" एवढे सांगायचे. कसे छापायचे ते माझे मी बघेन. आपल्याकडे कोणी वेगळी चूल मांडली की शेजारी कुजबुजतात. आमच्या घरात मात्र वेगळे झाल्यावरच शांतता नांदू लागली. खात्रीसाठी ताईंनी गेल्या उन्हाळ्याचेच आकडे जुन्या आणि नव्या प्रोग्रामला दिले, दोन्हींचे कागद एकावर एक ठेवले आणि खिडकीच्या उजेडात धरले. अक्षरावर अक्षर बसले होते. साहेब उठून दोनदा बघून गेले.

माझी खरी परीक्षा २००१ च्या मे महिन्यात झाली. विजेचा दाब एकाएकी वाढला आणि कॉम्प्युटर जळला. आकडे आणि आमचा प्रोग्राम फ्लॉपीवर सुखरूप होते, पण नाशिकहून आलेल्या नव्या यंत्राची तऱ्हाच निराळी होती. जुने प्रोग्राम त्याला समजत नसत. त्या दिवशीचे टँकर कालच्याच कागदावर गेले. उद्याचे काय, या काळजीने साहेबांना एका जागी बसवेना. एव्हाना कितीतरी विहिरींनी तळ गाठला होता.

ताईंनी पाण्याच्या हिशेबातली एक ओळही बदलली नाही. त्यांनी फक्त मला उघडले आणि नव्या यंत्राशी कसे बोलायचे ते शिकवले. मी अडखळले, एकदा तर सगळी अक्षरे उलटसुलट छापली. पण संध्याकाळपर्यंत दुसऱ्या दिवसाचा कागद बाहेर आला. एकही पाडा त्यातून सुटला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ताई स्वतः जीपने आवळ्याच्या पाड्याला गेल्या. परत आल्यावर माझ्यासमोर बसूनच त्यांनी साहेबांना सगळे सांगितले. विहिरीवर गोदाबाई पाणी शेंदत होत्या. टँकर आला का, असे ताईंनी विचारले.

"आला ना. रोजच येतो," गोदाबाई म्हणाल्या. "तू आज कशी काय आली, बाय?"

काही बदलले आहे याची त्यांना गंधवार्ताही नव्हती. माझे याहून मोठे कौतुक आजवर कोणी केलेले नाही.

आता मी कपाटातल्या एका सीडीवर धूळ खात पडले आहे. ती सीडी कोणी हातात घेत नाही, याचे वाईट वाटते. पण मला पुन्हा चालवा असा माझा हट्ट नाही. मित्रांनो, तुम्ही मोठेपणी प्रोग्राम लिहाल, तेव्हा यंत्राचे काम वेगळे ठेवा. यंत्रे जुनी होतात, जळतात, बदलतात. त्यांच्यापायी कोणाची विहीर कोरडी राहू देऊ नका.