योसिती मास्तरला एकटं पडायचं होतं

आमच्या शाळेत गणित शिकवायला हॉलंडहून जो पोरगा आला त्याचं नाव योस्ट होतं. आमच्याकडे नाव असं मध्येच तुटत नाही, म्हणून आम्ही त्याला शेपूट लावलं आणि तो योसिती झाला. गावचे प्रमुख, चीफ मकवांगवाला, यांनी त्याला माझ्या अंगणातल्या दोन खोल्या दिल्या, कारण गावात त्यातल्या त्यात उंच दार तेवढंच होतं. तरी पहिल्या आठवड्यात त्याचं कपाळ दोनदा फुटलं.

पहिल्याच सकाळी तो पळायला निघाला. आमच्या गावात मोठा माणूस पळतो तो कुणी गेल्याचा निरोप घेऊनच. माझ्या आईनं, सिटोलियानं, त्याला पाहिलं आणि डोक्याला फडकं बांधून ती तयार होऊन बसली. तो घामाघूम होऊन परतला तेव्हा तिनं विचारलं, "कोण गेलं?"

"कुणी नाही, आजी. व्यायाम करतोय."

"का? आम्हाला शेत नाही का?"

तेव्हापासून तो शाळेच्या आधी तिच्या मक्याला मातीची भर घालू लागला. पळायचं त्यानं सोडलं नाही, पण गाव ओलांडेपर्यंत चालत जायचा.

फेब्रुवारीत त्याला मलेरिया झाला. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी गोळ्या दिल्या आणि तीन दिवस पडून राहायला सांगितलं. घरी येऊन त्यानं दाराला आतून कडी लावली.

मी दार वाजवलं. "मास्तर, माणसं आलीत."

"कुठली?"

"गावातली. चौदा जण आहेत. चटया त्यांनीच आणल्यात."

त्यानं दार उघडलं. त्याला शोभेल अशा नम्रपणानं तो म्हणाला, "एनेलेसीताई, सगळ्यांचे आभार. पण मला जरा एकटं पडू द्या."

मग आई म्हणाली, "ताप डोक्यात गेलाय." आमच्याकडे आजारी माणसाला एकटं टाकतात ते त्याच्याशी वैर असेल तरच. बातमी पाण्याच्या पंपापर्यंत गेली आणि दुपारी चौदाचे तीस झाले.

काही आत बसले, उरलेले ओसरीवर. आजारी माणसाशी बोलायचं नसतं, नुसतं बसायचं असतं. बोलायचं ते आपापसात. पावसाबद्दल बोलून झालं, डोरिका मावशीच्या सुनेबद्दल बोलून झालं. मग कबरी खणणाऱ्यांचा म्होरक्या जाफुली त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "लांबीला साडेसहा फूट तरी असेल."

योसितीला तोवर आमची भाषा चांगली समजू लागली होती. तो उठून बसला. "मी मरणार नाहीये. नर्सबाईंनी सांगितलंय."

"मराल असं कोण म्हणालं?" जाफुली म्हणाला. "मी नुसती लांबी म्हणालो."

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. आई म्हणाली आमच्या बसण्यानं, तो म्हणाला गोळ्यांनी. उठल्यावर मात्र तो एकेकाच्या घरी गेला आणि आभार मानून आला. तीस घरांत त्याला तीसदा न्सिमा, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, खावी लागली, त्यामुळे पुढचे दोन दिवस तो पुन्हा आडवा होता. तेव्हा त्यानं कडी लावली नाही.

जुलैत माझी आई गेली. सकाळी उन्हात बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. दहा वाजता मी सूप उचलायला गेले तर शेंगा संपल्या होत्या आणि ती नव्हती.

त्याच दिवशी योसितीची आई, मारैके, हॉलंडहून त्याला भेटायला येणार होती. दुसऱ्या दिवशी दोघं मुलांजे डोंगर चढायला जाणार होती. तो तिला घेऊन आला तेव्हा अंगण माणसांनी भरलं होतं. त्यानं तिची बॅग खोलीत ठेवली आणि सरळ जाफुलीकडे गेला.

"मला कुदळ द्या."

"हात सोलतील, मास्तर."

"सोलू देत. तिच्या शेतात सोललेच होते."

जाफुलीनं त्याला कुदळ दिली. मारैके एकटीच अंगणात उभी राहिली. मी तिच्या पँटवरून माझं एक कापड गुंडाळलं आणि तिला आत नेऊन आईजवळ बायकांमध्ये चटईवर बसवलं. तिला आमचं एक अक्षर येत नव्हतं. तासभर ती आईच्या चेहऱ्याकडे बघत बसली. मग रडायला लागली, आणि ती जी रडली ते तिथल्या सगळ्या बायकांपेक्षा जास्त.

"ही सिटोलियाला ओळखायची?" डोरिका मावशीनं विचारलं.

"आजच आलीय."

"मग?"

मला शाळेपुरतं इंग्रजी येतं. मी मारैकेला विचारलं. ती म्हणाली, दोन वर्षांपूर्वी तिची आई गेली. अंत्यविधीचा हॉल पाऊण तासासाठी मिळाला होता, त्यांच्यामागे दुसऱ्या कुटुंबाची वेळ होती. नंतर सगळ्यांना कॉफी आणि केकचा एकेक तुकडा दिला. दुसऱ्या दिवशी ती ऑफिसला गेली.

मी बायकांना सांगितलं.

"किती दिवस बसले म्हणालीस?" मावशीनं विचारलं.

"पाऊण तास."

"दिवस विचारतेय मी."

"दिवस नाही, मावशी. पाऊण तासच."

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. मावशीनं मारैकेचा हात आपल्या मांडीवर घेतला. "आईचं नाव काय म्हणावं तिच्या?"

"विल्हेल्मिना," मी मारैकेला विचारून सांगितलं.

ते नाव आमच्या सुरात बसवायला थोडा वेळ लागला. मग मावशीनं गाणं उचललं आणि बायकांनी साथ दिली, एक ओळ सिटोलियाची, एक विलेमिनाची. मीही गायले. सकाळपासून माझ्या डोळ्यांतून पाणी आलं नव्हतं, ते तेव्हा आलं.

थोड्या वेळानं चीफ खिडकीशी आले. "ही विलेमिना कोण? आणखी एक खड्डा घ्यायला सांगू का जाफुलीला?"

"नको," मावशी म्हणाली. "तिला पुरून झालंय. फक्त रडायचं राहिलं होतं."

चीफनी विचार केला. "मग होऊन जाऊ दे," ते म्हणाले, आणि पुरुषांना सांगायला गेले की मातीला तासभर उशीर होईल.