लिंडली हॉजिनचे हात

माझा सासरा लिंडली हॉजिन सत्त्याण्णव वर्षांचा होऊन गेला. सफरचंदांची तोडणी नुकतीच उरकली होती. सकाळी लापशी खाल्ली, खुर्चीत डोळे मिटून बसला आणि बसल्या जागीच गेला.

त्याला मी ‘तो’ म्हणते यात अनादर नाही. आम्हा क्वेकर पंथाच्या ख्रिस्ती लोकांत अहो-जाहो नसतं. शेंबडं पोर असो की न्यायाधीश, सगळ्यांना नावाने हाक मारायची आणि तू म्हणायचं, कारण देवापुढे सगळे सारखे. मी गावातल्या मेथडिस्ट, म्हणजे दुसऱ्या ख्रिस्ती पंथाच्या घरातून या घरात सून म्हणून आले, तेव्हा सासऱ्याला अरे-तुरे करायला माझी जीभ वळेना. पहिला महिनाभर मी त्याला हाकच मारली नाही, नुसती खोकून लक्ष वेधून घ्यायची. शेवटी तोच म्हणाला, “मार्जरी, तुझा खोकला काही बरा होत नाही. डॉक्टरला दाखवायचं, की मला नुसतं लिंडली म्हणून बघतेस?”

त्याला सहा मुलं. माझा नवरा विल्मर त्यातला दुसरा. रोज रात्रीचं जेवण झालं की लिंडली बायबलमधलं एक पान वाचायचा आणि मग सगळ्यांनी गप्प बसायचं. मुलं टेबलाखाली एकमेकांना लाथा मारायची. लिंडली डोळे न उघडता म्हणायचा, “देव आत्ता इथे आलाय आणि त्याच्या नडगीला लागलंय.”

सासूबाई आयडा शेवटची अकरा वर्षं आंधळी होती. रोज सकाळी लिंडली खिडकीपाशी उभा राहून तिला बाहेरचं सांगायचा. धुकं कुठवर आलंय, शेजारच्या लॉरेन्सच्या गाईने आज कुठलं कुंपण मोडलं. एका मार्चमध्ये तिने विचारलं, “सफरचंदाला फुलं आली का रे?”

“नाही आली.”

“एकही नाही?”

“एकही नाही.”

“अरे, आजारी बायकोसाठी थोडं खोटं बोललास तर काय बिघडेल?”

“मला जमत नाही गं. पण थांब.” तो बाहेर गेला, फुगलेल्या कळीची एक काडी तोडून आणली आणि तिच्या बोटांत दिली. आयडा कितीतरी वेळ ती कळी चाचपत बसली होती.

पण लिंडलीचं नाव निघालं की लोक हे सांगत नाहीत, शिडीची गोष्ट सांगतात. ती माझ्या वडिलांचीही गोष्ट आहे.

सन एकोणीसशे अठरा. महायुद्ध चालू होतं. क्वेकर माणूस हत्यार धरत नाही, आणि लिंडलीने युद्धाच्या खर्चासाठी सरकारने काढलेले रोखेही घ्यायला नकार दिला. गावात त्याच्याशी कुणी बोलेना. माझे वडील रॉस्को टिमन्स यांचं गावात रंगाचं आणि लोखंडी सामानाचं दुकान होतं. त्यांचा धाकटा भाऊ फ्रान्समध्ये मारला गेल्याची तार त्याच आठवड्यात आली होती. रविवारी चर्च सुटल्यावर, भर दुपारी, वडील आणि आणखी सातजण पिवळ्या रंगाचे डबे घेऊन हॉजिनांच्या शेतावर गेले. पिवळा हा आमच्याकडे भित्र्याचा रंग. त्यांनी लिंडलीचा गोठा रंगवायला घेतला.

आयडा मुलांना घेऊन आत बसली. लिंडली बाहेर आला. वडील उंच शिडीवर होते आणि खाली चिखलात शिडी हलत होती. लिंडली पुढे गेला, दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरली आणि वरची फळी रंगवून होईपर्यंत धरून उभा राहिला. वडील खाली उतरले, तरी दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. तो रंग लिंडलीने पुढे खरवडलाही नाही. “रंग चांगल्या प्रतीचा आहे, लाकूड टिकेल,” म्हणाला.

बावीस वर्षांनी विल्मरचं आणि माझं जमलं. वडिलांनी घरात आरडाओरडा केला. दुसऱ्या दिवशी लिंडली दुकानात आला. मी गल्ल्यावर बसले होते.

“काय पाहिजे?” वडील गुरकावले.

“काही नको, रॉस्को. तुझी मुलगी आमच्या विल्मरला आवडते. तिलाही तो आवडतो असं दिसतंय. तुझं म्हणणं ऐकायला आलोय.” आणि तो खिळ्यांच्या पिंपावर बसला.

वडील काही बोलेनात. दहा मिनिटं झाली असतील. गप्प बसण्यात क्वेकराला कोण हरवणार!

शेवटी वडीलच उसळले, “त्या दिवशी शिडी का धरलीस?”

“हलत होती.”

“अरे, मी तुझा गोठा पिवळा करत होतो!”

“ते दिसत होतं मला.”

“मग शिव्या तरी घालायच्यास! दोन गुद्दे तरी मारायचेस! बावीस वर्षं माझ्या घशात अडकून बसलायस तू!”

लिंडली उठला. टोपी हातात घेऊन म्हणाला, “रॉस्को, त्या दिवसाबद्दल मला माफ कर.”

वडील बघतच राहिले. “तू कशाबद्दल माफी मागतोस?”

लिंडली टोपी घालून बाहेर पडला. वडील लग्नाला आले. आमच्या लग्नात पाद्री नसतो. सगळ्यांनी शांत बसायचं, नवरा-नवरीने उभं राहून एकमेकांना वचन द्यायचं आणि जमलेल्या सगळ्यांनी कागदावर सह्या करायच्या. वडिलांनी सर्वांत शेवटी, सर्वांत मोठ्या अक्षरांत सही केली. बाहेर आल्यावर म्हणाले, “तुम्हाला तासभर गप्प बसायला देव लागतो. मला पाइप पुरतो.” पुढे मरेपर्यंत ते दर शनिवारी लिंडलीकडे सोंगट्या खेळायला जायचे आणि हरले की भांडायचे.

लिंडलीच्या स्मरणसभेला आमचं सभाघर भरून गेलं होतं. सभा म्हणजे शांतताच. ज्याला आतून वाटेल त्याने उठून बोलायचं. लॉरेन्स बोलला, नातवंडं बोलली. मग मंडळीतला सर्वांत जुना एल्वुड उठला आणि त्याने शिडीची गोष्ट सांगितली. म्हणाला, “लिंडलीच्या मनात रागाचा टिपूसही नव्हता. असा माणूस पुन्हा होणे नाही.”

सेहेचाळीस वर्षांत मी सभेत कधी तोंड उघडलं नव्हतं. मी पुढच्या बाकाला धरून उठू लागले. विल्मरने हळूच विचारलं, “बरं वाटत नाहीये का?” तोवर मी उभी राहिले होते.

मी सांगितलं, “दोन वर्षांपूर्वी हिवाळ्यात आम्ही दोघं स्वयंपाकघरात अक्रोड फोडत बसलो होतो. लिंडली म्हणाला, ‘मार्जरी, तुला एक सांगायचं राहिलंय. तुझा बाप वर होता आणि खाली दगडी हौद होता. शिडी धरली तेव्हा माझ्या मनात आलं, ओढून टाक. नुसतं आलं नाही, हात ओढायला लागले होते.’ मी विचारलं, मग काय झालं? तो म्हणाला, ‘थांबले. का थांबले ते मला माहीत नाही. मी थांबवले नाहीत. कुणीतरी माझे हात धरले. तू तेव्हा वर्षाची होतीस. तेव्हापासून रोज सकाळी मी आधी त्याचे आभार मानतो, मग डोळे उघडतो. मी गेल्यावर मला कुणाला संत करू देऊ नकोस.’”

मी खाली बसले. पुढच्या बाकावर लिंडलीची बहीण थॉमसिन बसली होती. वय नव्वद, कानाने ठार बहिरी. ती मोठ्याने म्हणाली, “काय म्हणाली ती?”

विल्मर तिच्या कानात ओरडला, “लिंडलीला शिडी ओढावीशी वाटली होती म्हणे!”

“वाटणारच! मला नाही का त्याने चेरीच्या झाडावरून ढकललं!”

सगळं सभाघर हसलं. स्मरणसभेत एवढं हसू मी कधी ऐकलं नव्हतं. हसता हसता विल्मरचे डोळे वाहत होते. मग पुन्हा शांतता पसरली, पण आता लोक बाकावर जरा सैल होऊन बसले होते.

सभेनंतर जेवण होतं. मी बशीत बीन्स वाढून घेत होते तेवढ्यात एल्वुड आला. मला वाटलं, आता रागावणार.

“मार्जरी,” तो म्हणाला, “साठ वर्षं मी लिंडलीसारखं व्हायला बघतोय. भावाचा राग यायचा आणि वाटायचं, लिंडलीला नसता आला, आपणच कमअस्सल. भावाकडे गेलोच नाही कधी. अजून जिवंत आहे तो. झेन्सव्हिलला असतो.”

“मग जा की.”

“जाईन. रिकाम्या हाताने कसं जाऊ, म्हणून विचारायला आलो. ती ॲपल पाय तू केलीस ना? अर्धी देशील?”

मी त्याला अख्खी बांधून दिली.