खालचा नंबर

"दिसतंय का काही, भाऊ?"

"धीर धरा, ताई. लोखंडाला बोलतं करायला वेळ लागतो," असं म्हणत भिंगवाल्याने कापसाचा बोळा पुन्हा औषधात बुडवला आणि मोटारसायकलच्या हँडलखालच्या नळीवरून हलक्या हाताने फिरवला.

जप्त केलेल्या गाड्यांच्या आवारात, एका पत्र्याच्या शेडमध्ये तो काम करायचा. चोरीच्या गाड्यांचे चासी नंबर तपासायचे आणि गाडी मुळात कोणती ते सांगायचं. डोळ्याला सदान्‌कदा भिंग, म्हणून सगळे त्याला भिंगवालाच म्हणत. खरं नाव पगारापुरतं उरलं होतं. बायको जाऊन बराच काळ लोटला होता, मूलबाळ नव्हतं. घरी बोलायला भिंती आणि इथे गाड्या. त्यातल्या त्यात गाड्या बऱ्या, विचारलं तर उत्तर तरी देत.

समोर स्टुलावर बसलेली बाई शिवणकाम करून पोट भरायची. तिचा एकुलता एक मुलगा एका सकाळी मोटारसायकलवरून कामाला निघाला, तो परतलाच नाही. तक्रार झाली, फोटो लागले, आणि हळूहळू शोध थंडावला. तेव्हा कुणीतरी तिला सांगितलं, माणसाचा पत्ता लागत नसेल तर गाडीचा लागतो का ते बघा. तेव्हापासून बेवारस मोटारसायकल सापडली असं कळलं की ती इथे यायची.

पहिल्यांदा आली तेव्हा भिंगवाल्याने तिला नंबर वाचायला शिकवला होता. सुरुवातीची अक्षरं देशाची आणि कारखानदाराची, मधली गाडीच्या जातीची, मग एक सालाचं, एक कोणत्या कारखान्यात बांधली त्याचं, आणि शेवटचे आकडे फक्त त्या एकट्या गाडीचे, दुसऱ्या कुणाचे नाहीत. "म्हणजे नाव, गाव, फळ, फूल सगळं आलं की यात," ती म्हणाली होती. त्या शेडमध्ये कितीतरी दिवसांनी कुणी हसलं होतं.

नंबर कधी जुळला नाही. "ही आपली नाही," असं तो म्हणाला की तिचा चेहरा पडायचा आणि जीवही भांड्यात पडायचा. तिच्या मनात गाडी आणि मुलगा एकाच जागी होते; ती जागा कसली असेल, याचा विचार ती करत नसे. मग दोघं चहा घेत. त्याच्या बाहीचं तुटलेलं बटण ती बोलता बोलता लावून टाकी. ती गेल्यावर शेड उगाचच मोठी वाटायची. पुढची बेवारस गाडी कधी येते याची आपण वाट बघतोय, हे त्याने स्वतःशीही कबूल केलं नव्हतं.

आजची गाडी एका गॅरेजवर घातलेल्या छाप्यात मिळाली होती. वरचा नंबर खोटा हे त्याने पाहताक्षणी ओळखलं. त्यात 'ओ' हे अक्षर होतं, आणि शून्याशी गल्लत नको म्हणून खऱ्या नंबरात 'ओ' कधीच नसतो. त्याच्या खालचा मूळ नंबर कुणीतरी घासून काढला होता. पण ठोकलेल्या अक्षराचा मार लोखंडात खोलवर बसतो. वरून घासलं तरी आत राहतो, आणि औषध लागलं की थोडा वेळ पुसट वर येतो.

तसा तो आला. एकेक अक्षर. शेवटचे आकडे दिसले आणि भिंगवाल्याचा हात थांबला. हा नंबर तिला पाठ होता तसा त्यालाही पाठ होता.

वाचता येत नाही, असं म्हणणं काही अवघड नव्हतं. पुष्कळदा तसं होतंही. अक्षरं घटकाभरात पुसट झाली असती, आणि ती पुढच्या गाडीला पुन्हा आली असती. तो भिंगातून नुसताच बघत राहिला.

"ताई," तो शेवटी म्हणाला, "इकडे या."

तिने वाकून, बोट न लावता, एकेक अक्षर ओठांतल्या ओठांत वाचलं. शेवटच्या आकड्यावर थांबली आणि म्हणाली, "ही आपलीच."

गॅरेजवाल्याचा जबाब घेऊन हवालदार दुसऱ्या दिवशी आला. ती सकाळपासून शेडमध्येच बसून होती. गाडी चोरलेली नव्हती. त्याच सकाळी मुलगा स्वतः गॅरेजवर आला होता, खांद्याला बॅग होती. कागद नाहीत, पण गाडी घ्या म्हणाला, मिळाले तेवढे पैसे खिशात टाकले आणि लांब पल्ल्याची बस कुठून सुटते ते विचारून गेला. नंबर गॅरेजवाल्याने मागाहून बदलला आणि गाडी स्वतःच वापरत राहिला.

"म्हणजे मावशी, मुलगा चांगला धडधाकट होता," हवालदार समजुतीच्या सुरात म्हणाला. "वाईट काही झालं नाही." आणि सही घेऊन तो गेला.

ती गाडीकडे बघत म्हणाली,

"इतकी वर्षं मला वाटायचं, त्याला यायचं असेल आणि येता येत नसेल."

भिंगवाला भिंग पुसत राहिला. "मी वाचायला नको होतं," तो म्हणाला.

"असं कसं? वाचलंत ते बरंच केलंत." मग थोड्या वेळाने तिने विचारलं, "तो काही खाऊन निघाला होता का, ते विचारलं का हो कुणी? डबा घरीच राहिला होता त्याचा."

ते कुणीच विचारलं नव्हतं.

गाडी तिच्या नावावर होती, त्यामुळे कागद पुरे झाल्यावर तिलाच मिळाली. भिंगवाल्याने त्या दिवशी अर्धी रजा टाकली. इंजिन ठणठणीत होतं. मी चालवतो, तुम्ही मागे बसा, असं तो म्हणाला. ती म्हणाली, नको, ढकलतच नेऊ.

मग त्याने हँडल धरलं आणि ती मागे चालू लागली. पहिल्यांदाच तिने त्याला आपल्या घराचा रस्ता सांगितला. कोपऱ्यावर एका रिक्षावाल्याने वेग कमी करून विचारलं, "पेट्रोल संपलं का, काका?"

"हो," भिंगवाला म्हणाला.

रस्ता सपाट होता, मागून जोर लावायची गरज नव्हती. तरी तिचा एक हात मागच्या सीटवर होता, आणि घर येईपर्यंत तिने तो उचलला नाही.